सेकंदभर रूफस

मुलगी छपरावरून सुटली तसे ओडेसाबाईंनी डोळे मिटले आणि त्या पुटपुटल्या, "प्रभू, धर रे लेकराला."

कुणी वळून पाहिलं नाही. ब्रुकलिनच्या थेटरात माणसं पडद्याशी बोलतातच, रविवारी पास्टरशी बोलतात तशी. पण बाईंनी डोळे उघडले तेव्हा मुलगी आभाळात होती आणि खालची फुल्टन स्ट्रीटची गर्दी सरून गेली होती.

त्या गर्दीत रूफस होता.

हा अ‍ॅनिमेशनचा चित्रपट काढणाऱ्या शंभर चित्रकारांत त्यांचा मुलगा कॉर्नेल होता. त्यानेच फोनवर बजावलं होतं की पोरगी पहिल्यांदा पडते तेव्हा डाव्या कोपऱ्यात बघ, तिथे बाबांना काढलंय. सेकंदभरच आहेत, पापणी लवू देऊ नकोस. रूफसला जाऊन चार वर्षं झाली होती. घरात फोटो पुष्कळ होते. हलणारा एकही नव्हता.

"तुला तरी दिसला का?" त्यांनी शेजारी बसलेल्या मैत्रिणीला, व्हर्नेलला विचारलं.

"मी पर्समध्ये पेपरमिंट शोधत होते."

"चर्चमध्येही उपदेश ऐन रंगात आला की तुला पेपरमिंटच आठवतं."

"आणि तुला डोळे मिटायचं."

पडद्यावर भिंतींवरची रंगीत चित्रं सुटून पळत होती. असं चित्र आजवर कुणी हलवलं नव्हतं, आणि त्यातून उडणारी पोर त्यांच्याच काळ्या रंगाची, त्यांच्याच गल्लीतली. पास्टरचं बोलणं चढत चढत गाणं होतं, तसा सिनेमा चढत गेला. लोक टाळ्या पिटत होते. बाईंची नजर मात्र डाव्या कोपऱ्यावरून हटेना.

दिवे लागताच त्यांनी चारच्या खेळाची दोन तिकिटं काढली. व्हर्नेलने गुडघ्यांची तक्रार केली, घरी भाजी निवडायची राहिल्याचं सांगितलं, आणि मुकाट्याने शेजारी येऊन बसली.

मुलगी पुन्हा सुटली. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"उघडे ठेव," व्हर्नेल कुजबुजली. "वाचते ती, माहितेय ना तुला."

बाईंचे ओठ हलले, पण डोळे उघडे राहिले.

खाली सगळी गर्दी माना वर करून ओरडत होती. डाव्या कोपऱ्यात एका उंच माणसाने मात्र हॅट काढून छातीशी धरली होती. मान खाली, डोळे गच्च मिटलेले, ओठ हलत होते.

मग रस्ता सरला.

"दिसला?"

बाईंनी मान डोलावली. त्या हळूच म्हणाल्या,

"ती उडालेली त्यानेही नाही पाहिली गं."