थडग्यापाशी वळलेलं भुयार

रोमनांविरुद्ध बंड होणार, म्हणून आम्ही तेलघाण्याखाली लपायला भुयार खणत होतो. मध्येच जुनं थडगं लागलं. माझा नवरा यखीन यहुदी याजकाच्या कुळातला, त्याला प्रेताचा विटाळ चालत नाही. तो तडक बाहेर आला.

"अहो, मेलेले काय चावतात?"

"नियम तो नियम. भुयार वळवू."

चरफडत मी ते काटकोनात वळवलं.

बंड पेटलं, आम्ही भुयारात लपलो. एक रोमन शिपाई रांगत आत आला, पण त्या वळणावर त्याचा लांब भाला काही वळेना. पलीकडे मी पहार उगारून बसलेच होते.

मागून यखीन कुजबुजला, "मारू नकोस. तो इथे मेला तर मी बाहेर कसा पडू?"

मी भाला हिसकावून घेतला आणि शिपायाला म्हटलं, "जा बाबा, बाहेर जाऊन मर."