यादीत पंचवटी नाही

माणसाला निवड दिली की तो समोर आधीपासून असलेलंच उचलतो. हे ज्ञान मला पंचवटीत सायबर कॅफे चालवून मिळालं, आणि त्यासाठी बऱ्याच लोकांशी भांडावं लागलं.

दोन हजार सहाची गोष्ट. माझ्या कॅफेतल्या प्रत्येक संगणकावर दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवलेली होती. एक निळा ई, दुसरा पृथ्वीला वेटोळं घालून पडलेला केशरी कोल्हा. दोन्ही ब्राउझर, दोन्हींतून दिसायचं तेच इंटरनेट. पण गिऱ्हाईक आलं की निळ्यावरच जायचं. निळा म्हणजे इंटरनेट, आणि कोल्हा म्हणजे बहुतेक मुलांचा गेम. मी सांगून सांगून घसा कोरडा करायचे. अहो, कोल्ह्यात एकाच खिडकीत दहा पानं उघडतात. जाहिराती अंगावर उड्या मारत नाहीत. नाही पटला तर काढून टाका, कुणी रडत बसणार नाही. तो निळा संगणकाबरोबर घरात आलाय, रुखवतातल्या कपाटासारखा. तुम्हाला कुणी विचारलं तरी होतं का? त्यावर एक कॉलेजकुमार म्हणाला, मॅडम, मला फक्त रिझल्ट बघायचाय. त्याला मी मुद्दाम तुटका माउस दिला.

माझ्या या मतांना सगळ्यांत ठाम विरोध होता रंगनाथगुरुजींचा. ते रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय. त्यांच्याकडची रीत अशी, की यजमान रिक्षातून उतरला की पहिला प्रश्न, गाव कुठलं? गाव सांगितलं की गुरुजी ठरले. आजोबांचे जे, तेच नातवाचे. आवडनिवड हा प्रकारच नाही. गुरुजी हे अभिमानाने सांगत. तुझा निळा जसा संगणकाबरोबर येतो तसे आम्ही गावाबरोबर येतो, आणि इतक्या पिढ्यांत तक्रार आली का एक तरी? ज्यांनी तक्रार करायची ते सगळे वर पोचलेले असत, हे मी मनातल्या मनात म्हणायचे.

तरी माझं त्यांच्याशी जमायचं. दर शनिवारी दुपारी ते त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, तृप्तीला मेल पाठवायला येत. ती पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होती. तिने पुण्याला जायचं ठरवलं तेव्हा गुरुजींनी घरात महिनाभर मौन धरलं होतं. आता मात्र 'मीच पाठवली' म्हणून कुंडावर सांगत फिरायचे. ते बोलायचे, मी टाइप करायचे. तिचं उत्तर आलं की दोनदा वाचायचे आणि प्रिंट काढून घडी करून पंचांगात ठेवायचे.

त्यांच्या कुंडावरच्या गुरुजींच्या मंडळाची वेबसाइट मीच केली. कारण भक्तीचं नव्हतं. दोन गुरुजी एकाच यजमानाची पिशवी दोन बाजूंनी ओढत होते आणि पिशवीचा बंद तुटला, म्हणून. रंगनाथगुरुजींनी मग नियम केला, की साइटवरून पावती निघेल, पावतीवर ज्याचं नाव तोच विधीला बसेल, त्यावर चकार शब्द काढायचा नाही. नियम चांगला होता. साइट भयंकर होती. त्यांना पानावर लुकलुकणारी समई हवी होती, पळणारी अक्षरं हवी होती, उघडताच घंटा हवी होती. घंटा मी हाणून पाडली, बाकी सगळं घालावं लागलं. गावांची यादी मी अकारविल्हे लावली, तर ती मंडळातल्या ज्येष्ठतेप्रमाणे करून घेतली. त्यामुळे आपलं गाव शोधताना माणसाचं बोट दुखायचं. गाव निवडलं की पुढच्या चौकटीत गुरुजींचं नाव आपोआप यायचं आणि चौकटीला कुलूप लागायचं. मी म्हटलं, निदान नाव बदलायची सोय ठेवू या. गुरुजी म्हणाले, मागितलीय कुणी? मग मी कुणाच्या तरी साइटवरून कुलपाचा कोड उचलला आणि चिकटवला. पानाच्या तळाशी त्यांनी अजून एक वाक्य टाकायला लावलं, की ही साइट निळ्या ब्राउझरमध्येच चांगली दिसेल. काम संपल्यावर पासवर्डही बदलून घेतला. तो त्यांच्या पंचांगातच असायचा, तृप्तीच्या मेलच्या घडीत.

त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. ज्या साइटवर असलं वाक्य असेल ती आपल्या कोल्ह्यात उघडायची नाही, असा मी नेम केला. लोक एकादशी धरतात, मी हे धरलं होतं.

साइट जगभर दिसायची, पण तिचा सगळा पसारा कुंडापासून माझ्या दुकानापर्यंत. यजमान कुंडावर यायचे, गुरुजी त्यांना म्हणायचे, जा, साधनाकडून पावती घेऊन या.

सविता अशीच आली. वणीच्या यात्रेला जाणाऱ्यांची गर्दी होती, लोडशेडिंग संपून नुकतीच लाइट आली होती. तिशीची बाई, उन्हाने तोंड लाल झालेलं, मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं गाडगं. ते तिने टेबलावर ठेवलं नाही, खालीही ठेवलं नाही. काय आहे ते मी विचारलं नाही, कळलंच.

ती नांदगावची. वडील पुंजाराम, सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते आणि त्यांचं सगळं हिनेच केलं होतं, दुकानाचं शटरही हीच वर ओढायची. भाऊ नाही. चुलत भाऊ बहिरू, तो या दोन वर्षांत उंबऱ्यापर्यंत आला नव्हता, पण काका गेले म्हटल्यावर डोकं भादरून तयार झाला होता आणि दुपारच्या गाडीने पोचणार होता. वडिलांनी हिला सांगून ठेवलं होतं, की माझं सगळं तूच कर. रंगनाथगुरुजींनी तिला नाही म्हटलं. रागावून नाही, फार मायेने म्हटलं; पुतण्या असताना मुलीने कशाला, बाळ? ती मग त्र्यंबकगुरुजींकडे गेली. ते मंडळातले तरुण, ते लगेच हो म्हणाले, पण गाव रंगनाथगुरुजींचं पडलं. माझ्या नावाची पावती आण, म्हणाले, लगेच बसतो.

मी तिला खरं ते सांगितलं. नांदगाव निवडलं की रंगनाथगुरुजीच येतात. कुलूप आहे, कुलूप मीच लावलंय आणि किल्ली मंडळाकडे आहे.

"बघते तरी," ती म्हणाली. "इथपर्यंत आले ना."

एका हाताने गाडगं धरून तिने दुसऱ्या हाताने माउस हलवला आणि थेट कोल्ह्यावर गेली. माझ्या तोंडून निघून गेलं, तो नको, दुसरा घ्या.

"हा का नको? बिचाऱ्याला कोनी हात लावलेला दिसत नाय."

वर्षभर मी ज्यासाठी कोकलत होते ते ही बाई काही न सांगता करत होती, आणि मीच तिला अडवत होते. मला स्वतःचीच लाज वाटली. म्हटलं, उघडा. मोडला माझा नेम तर मोडला.

पान उघडलं. समई लुकलुकत नव्हती, अक्षरं पळत नव्हती. पहिल्यांदाच ती साइट माणसासारखी वाचता येत होती. सविता यादीत खाली खाली जात राहिली. नांदगाव सापडलं. पुढच्या चौकटीत रंगनाथगुरुजी आले. आणि नावाच्या कडेला एक बाण होता, जो निळ्यात कधी नसायचा. मी उचललेलं कुलूप फक्त निळ्यातच लागत होतं.

तिने बाण दाबला. मंडळातले सगळे गुरुजी एकाखाली एक उभे राहिले.

"ताई, यांतले कोनतेबी चालतात का?"

मी म्हटलं, "चालत नसते तर दाखवले कशाला असते?"

तिने त्र्यंबकगुरुजी निवडले. प्रिंटर करकरत राहिला तेवढा वेळ आम्ही दोघी त्याच्याकडेच बघत होतो. पावती हातात आली तेव्हा तिने ती गाडग्याच्या फडक्यात खोचली आणि मला पैसे द्यायचे विसरून निघाली. मी मागितलेही नाहीत. शटर अर्धं ओढलं आणि तिच्यामागे गेले.

कुंडावर बहिरू येऊन पोचला होता. त्याने आरडाओरडा केला, की आमच्यात बाया असलं करत नाहीत, आणि मी केस काढलेत त्याचं काय? रंगनाथगुरुजींना बोलावणं गेलं. त्यांनी पावती वाचली, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. नियम त्यांचाच होता. ते बहिरूला म्हणाले, "बाजूला बसा." एवढंच.

सविताने वडिलांच्या अस्थी स्वतःच्या हाताने सोडल्या. पिंड ठेवला. कावळ्याने मुलगा की मुलगी अशी चौकशी केली नाही, लगेच शिवला. ती त्यानंतर जी रडली ते अजून माझ्या कानात आहे. रंगनाथगुरुजी आपलं काम नसताना शेवटपर्यंत तिथेच उभे होते.

शनिवारपर्यंत मी भांडायची तयारी करून ठेवली. ते म्हणणार, तू मुद्दाम केलंस. मी म्हणणार, मुद्दाम करण्याइतकं मला येत असतं तर पळणारी अक्षरं कशाला घातली असती? ते आले, नेहमीच्या खुर्चीवर बसले आणि मेलचं नाव काढेनात.

"तो कोल्हा कुठला?" त्यांनी विचारलं.

मी दाखवला. त्यांनी एका बोटाने साइट उघडली, बाण दाबला, नावं खाली उतरताना पाहिली. पुन्हा मिटवली, पुन्हा उघडली. मी म्हटलं, गुरुजी, पासवर्ड द्या, पाच मिनिटांत कुलूप नीट करते.

ते गावांच्या यादीत शोधत राहिले. वरून खाली गेले, खालून वर आले. त्यांचंही बोट दुखलं असेल, याचं मला त्या वेळीसुद्धा बरं वाटलं.

"यात पंचवटी नाही," ते म्हणाले.

"पंचवटीचे तर तुम्ही सगळे. तुम्हाला कशाला पावती?"

"आम्हीही मरतो, साधना."

त्यांनी पंचांगातून घडी काढली, आतली चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. मी पासवर्ड घालून आत शिरले. तळाचं ते वाक्य आधी काढ, म्हणाले. काढलं. आता यादीत पंचवटी टाक, म्हणाले. टाकली. पुढची चौकट कर्सर लुकलुकवत थांबली होती.

मी विचारलं, "गुरुजी कोण घालू?"

त्यांनी तृप्तीच्या मेलची घडी पुन्हा घातली, पंचांगात ठेवली.

"मोकळं राहू दे," ते म्हणाले. "तृप्ती ठरवील."