पोटातलं शिसं

मी आग विझवायचा लाल सिलिंडर बोलतोय. काळी नळी, अंगावर पांढरी अक्षरं, गळ्यात तपासणीचा पत्र्याचा बिल्ला. जन्मापासून आजतागायत मी एकही आग विझवलेली नाही, साधी शेकोटीसुद्धा नाही. तरी मोटारशर्यतींच्या जगात माझं नाव आहे. ते कशामुळे झालं हे ऐकल्यावर तुम्ही मला घरात ठेवाल की नाही, याची मला शंकाच आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटात सहा किलो पावडर होती आणि एकूण वजन नऊ किलो. एखादं नाटकगृह पेटावं, मी धावत जावं आणि नटीनं माझे आभार मानावेत, इतपत माझी महत्त्वाकांक्षा होती. त्याऐवजी मी चाचाक गावात राडिसाव मिस्त्रीच्या गॅरेजात येऊन पडलो. नटी सोडा, तिथे आरसासुद्धा फुटका होता.

राडिसाव पन्नाशीचा, जाड मिशांचा, कमी बोलणारा. पेचकसाचं टोक चालू इंजिनाला लावून मूठ कानाशी धरायचा आणि आत कुठल्या भागाला काय दुखतंय ते सांगायचा. त्यानं हात लावलेलं इंजिन दहा वर्षं तक्रार करत नाही, असं सगळं गाव म्हणायचं. या एका वाक्यावर तो जगत होता. बायको रागावली तरी त्याला चालायचं, पण कुणी त्याच्या इंजिनाला नाव ठेवलं की जेवण जायचं नाही.

त्याला शर्यतीचा नाद होता. संघ म्हणजे तीन माणसं आणि एक छोटी, मागे इंजिन असलेली गाडी. गाडी चालवायचा त्याचा मेहुणा ओब्राद, जो एरवी बेकरीत पाव भाजायचा. दुसरा तिहोमिर, गॅरेजातला कामगार, सगळे त्याला तिहो म्हणत. तिसरा स्वतः राडिसाव. मोठ्या शहरांतल्या क्लबांकडे नवे टायर, नवे गिअरबॉक्स, चहापाण्याला वेगळा माणूस. यांच्याकडे एक ड्रिल मशीन. त्या मशीननं राडिसावनं गाडीला इतकी भोकं पाडली की देसांका, त्याची बायको, म्हणाली की आता हिच्यातून पीठ चाळता येईल.

गाडी हलकी झाली, पण जरा जास्तच झाली. नियमात गाडीचं कमीत कमी वजन ठरलेलं असतं आणि शर्यत संपल्यावर गाडी काट्यावर चढवतात. आमची वीस किलो कमी भरत होती.

मग राडिसाव नियमांचं पुस्तक घेऊन संडासात जाऊन बसू लागला. चौथ्या दिवशी हसत बाहेर आला. पुस्तकात एक कलम होतं, की शर्यतीत आग विझवायला सिलिंडर वापरला गेला असेल, तर वजनाआधी त्याच्या जागी भरलेला सिलिंडर लावावा. सुरक्षेसाठी. भरलेला म्हणजे कशानं भरलेला, हे लिहायचं राहून गेलं होतं.

"लिहिलंय ते पाळायचं," राडिसाव म्हणाला, "आणि राहिलंय ते आपलं."

त्या संध्याकाळी माझी पावडर बादलीत ओतली गेली आणि पोटात शिकारीचे शिशाचे छर्रे भरले गेले. माझं वजन सव्वीस किलो झालं. मला कुणी विचारलं नाही.

योजना अशी होती. शर्यतीत गाडीत माझा रिकामा जुळा भाऊ बसायचा, तीन किलोंचा. शेवटची रेषा ओलांडली की ओब्राद एक दोरी ओढायचा. तापलेल्या धुराच्या नळीवर बाटलीतून थोडं तेल सांडायचं आणि गाडीच्या ढुंगणातून पांढरा लोट उठायचा. ओब्राद भावाला घेऊन बाहेर उडी मारायचा, हवेत दोनदा फिरवायचा, संपला म्हणून फेकून द्यायचा. मग तिहो मला घेऊन यायचा आणि रिकाम्या जागी बसवायचा. काटा बरोबर जागेवर थांबायचा.

अडचण एकच होती. सव्वीस किलो एका हातात घेऊन नऊ किलो असल्यासारखं चालायचं. त्याची तालीम देसांकानं घेतली. अंगणात तिहोच्या उजव्या हातात मी, डाव्या हातात कॉफीचा भरलेला कप, आणि ती त्याला आईच्या तब्येतीपासून प्लमच्या पिकापर्यंत काहीबाही विचारत राहायची. मानेची शीर फुगली की पुन्हा फाटकापासून सुरुवात. तीन आठवड्यांनी तिहो मला घेऊन शीळ घालत चालू लागला. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला तो आजही तसाच आहे.

आम्ही जिंकू लागलो. काट्याशी उभा असायचा तांत्रिक तपासनीस स्टामेनिच. तो राडिसावचा कूम, म्हणजे त्याच्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला माणूस. दोघंही एकमेकांना कूमच म्हणत, आणि आमच्याकडे कूम सख्ख्या भावाहून वरचा. त्याच्याशी भांडत नाहीत आणि त्याला फसवणं तर तोंडातूनही काढत नाहीत. लोक बोलतील म्हणून स्टामेनिच आमची गाडी सगळ्यांत कडक तपासायचा आणि शर्यतीच्या दिवशी राडिसावला 'तुम्ही' म्हणायचा. मला मात्र त्यानं कधी उचलून पाहिलं नाही. आग विझवणाऱ्यावर संशय घ्यायचा हे त्याच्या सभ्यपणात बसत नव्हतं. राडिसाव तेव्हा त्याच्या नजरेला नजर देत नसे, बुटांकडे बघत राही.

पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. दर शर्यतीनंतर आमची गाडी धूर सोडते, हे हजारो लोक बघत होते. पहिल्या वर्षी लोकांना दया आली. दुसऱ्या वर्षी आमच्या संघाचं नाव पडलं 'चाचाकचं धुराडं'. तिसऱ्या वर्षी गॅरेजातली गिऱ्हाइकं कमी झाली. ज्या माणसाच्या शर्यतीच्या गाडीला दर वेळी आग लागते, त्याच्याकडे आपली गाडी कोण देणार? बेकरीत पाव घेताना लोक ओब्रादला तोंडावर विचारायचे की तुझे दाजी इंजिन बनवतात की भट्टी. राडिसाव ऐकून घ्यायचा. खरं सांगायची सोय नव्हती. कपाटात करंडक वाढत होते आणि तो बारीक होत चालला होता. मला त्याची कीव यायची. चोरी पचली, पण पचवायची किंमत त्याच्या एकुलत्या एक अभिमानानं भरली जात होती.

शेवटी ऑक्टोबरातली ती शर्यत आली. जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर होती. आमच्यात आणि क्राल्येवो शहराच्या ग्रुयित्सा नावाच्या चालकात दोन गुणांचा फरक, जो पुढे राहील तो त्या वर्षीचा विजेता. ओब्राद पहिला आला. ग्रुयित्सा दुसरा, तोही वळणावर गवताच्या गंजीला धडकून, दार चेपवून. आमचा नेहमीचा धूर झाला, ओब्रादनं नेहमीचं नाटक केलं आणि तिहो मला घेऊन शीळ घालत निघाला.

काट्यासमोरच्या रांगेत आमच्या शेजारी ग्रुयित्साची गाडी उभी होती. तिच्या मागून भक्कन ज्वाळा निघाल्या. खऱ्या, पिवळ्या. पेट्रोलची नळी फुटली होती. ग्रुयित्सा आतून दार ढकलत होता आणि चेपलेलं दार हलत नव्हतं.

सगळे धावत सुटले, पण सिलिंडर हातात असलेला सगळ्यांत जवळचा माणूस तिहो होता. तीन पावलांवर. लोक ओरडत होते, मार, मार. तिहोनं मला रोखलं, सवयीनं खटका दाबला. माझ्या नळीतून 'फुस्स' असाही आवाज आला नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ती आग समोर होती आणि मी पोटभर शिसं खाऊन मुका उभा होतो.

राडिसावनं मला तिहोच्या हातून हिसकावलं. दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि समोरच्या काचेवर घातलं. नऊ किलोंचा सिलिंडर बहुधा उसळून परत आला असता. सव्वीस किलोंचा मी काच, चौकट सगळं घेऊन आत गेलो. राडिसाव आणि तिहोनं ग्रुयित्साला त्या भोकातून खेचून काढलं. तोवर इतरांचे खरे सिलिंडर येऊन पोहोचले आणि गाडी पावडरीखाली पांढरी झाली.

मी जमिनीवर पडलो होतो. पोट टराटरा फाटलं होतं आणि छर्रे धावपट्टीभर सांडले होते. धावत आलेला स्टामेनिच त्यांच्यावरून घसरून दाणकन बसला. बसल्या बसल्या त्यानं एक छर्रा उचलला, माझ्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं. तो इंजिनियर होता, त्याला हिशेब करायला फार वेळ लागला नाही.

"कूम," तो हळूच म्हणाला, "शिकाऱ्यांचे असतील का रे हे? इथे ससे मारायला येतात लोक."

वाट मोकळी होती. एक 'हो' म्हटलं की करंडक आमचा. राडिसावनं मान खाली घातली, आणि तो 'हो' म्हणणार होता. मी त्याला ओळखतो, तो म्हणालाच असता. तेवढ्यात ग्रुयित्साच्या संघाचा म्होरक्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"धुराड्याशेजारी गाडी लावल्यावर दुसरं काय होणार? राडिसावच्या इंजिनाची ठिणगी उडाली असेल."

राडिसावची मान वर आली.

"माझ्या इंजिनानं आजवर एकदाही धूर सोडलेला नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही. तो धूर आम्ही बाटलीतून तेल टाकून करतो. गाडी वीस किलो हलकी आहे. हे शिसं माझं आहे. तीन वर्षं मी तुला फसवलं, कूम. पण माझं इंजिन घड्याळासारखं चालतं, ते कुणीही उघडून बघावं."

ओब्रादनं कपाळावर हात मारला. तिहो मात्र खांदा चोळत हसला.

स्टामेनिचनं खरंच इंजिन उघडायला लावलं. सगळ्यांसमोर, तिथेच. लोक वाकून वाकून बघत होते. आत सगळं लख्ख होतं. मग त्यानं आम्हाला बाद केलं. भुवया जळालेल्या ग्रुयित्साला ब्लँकेटात गुंडाळूनच करंडक दिला गेला आणि त्यानं तो धरला कसाबसा, कारण तो अजून खोकत होता.

सोमवारी सकाळी राडिसावनं गॅरेजचं शटर वर केलं तेव्हा बाहेर सात गाड्या उभ्या होत्या. माणूस लबाड निघाला होता, पण त्याचं इंजिन धूर सोडत नव्हतं, आणि गावाला गाड्या लबाडाकडून दुरुस्त करून घ्यायला काही अडचण नव्हती. रांगेत पहिला स्टामेनिच. त्यानं एक कागद पुढे केला. दोन वर्षं बंदी.

"इथे सही कर," तो म्हणाला. मग खिशातून किल्ली काढून कागदावर ठेवली. "आणि माझी गाडी चढावर दम सोडते. बघून ठेव."

राडिसावनं सही केली. मग पेचकस घेतला, गाडी चालू करायला सांगितली आणि मूठ कानाशी धरून डोळे मिटले. तीन वर्षांत मी त्याला इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं.

मी आता इथेच खुंटीवर टांगलेला असतो, फाटक्या पोटानं. येणारे-जाणारे मला बघून हसतात, मीही हसून घेतो. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद भिंतीवर असेल तर एवढं करा, वर्षातून एकदा त्याला उचलून आत काय आहे ते बघा. आणि या गॅरेजात कधी आग लागलीच तर माझ्याकडे धावू नका. मला आग विझवता येत नाही. काच मात्र एका दणक्यात फोडतो, हवं तर ग्रुयित्साला विचारा.