सोमारीच्या मोहाचा रस्ता

मी रस्ता बोलतोय. माझ्यावरून बैलगाडी कधी गेली नाही, एसटीची धूळ उडाली नाही. मी कॉम्प्युटरमधल्या गाड्यांच्या शर्यतीचा रस्ता. वीस वर्षांपूर्वी दूरच्या देशात कोणीतरी मला बनवलं आणि दोन्ही बाजूंना पुठ्ठ्यासारखी सपाट झाडं उभी केली. एकाच झाडाच्या चारशे नकला.

गडचिरोलीकडच्या एका गावात करिश्माच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी राहतो. ती माझ्यावर गाड्या पळवायची, तेव्हा तिची आजी सोमारी मागे बसून मोहफुलं निवडायची. म्हणायची, "सारे झाडं एकाच मायच्या पोटचे आहेत का वं? एकाचं तरी तोंड येगळं असू दे!"

मग सोमारी दुसऱ्या नातीच्या बाळंतपणाला गडचांदूरला गेली. दोन महिने राहिली. तेवढ्यात इकडे गावचा रस्ता रुंद झाला आणि फाट्यावरचा तिचा मोह तोडला गेला. सासूनं तिच्या नावावर सोडलेलं झाड ते. पण तिला कळवायची हिंमत कोणाला झाली नाही.

परत येताना ती एसटीत खिडकीशी बसली होती. कंडक्टरनं गावाचं नाव घेतलं. ती उठेना.

"बाई, उतरा ना!"

"हे माहं गाव नाई. माहा मोह कुठी आहे?"

गाव मागे राहिलं, सोमारी पुढे गेली. चार कोसांवरून करिश्मानं तिला आणलं. त्यानंतर म्हातारीनं अंगण सोडलं नाही. "कुठी वळाचं ते झाडच सांगे," म्हणायची. "गेली तर वापस कशी येऊ?"

करिश्मानं मग माझ्यात हात घातला. माझी जुनी चित्रं काढून नवी बसवता येतात. तिच्या मोबाइलमध्ये एका लग्नाचा फोटो होता, पाहुण्यांच्या मागे तोच मोह. आठ दिवस बसून तिनं एकेक माणूस पुसला आणि झाड माझ्या वळणावर उभं केलं.

आजीनं पाहिलं. "वरमाईले काऊन पुसलं? बिचारी नटून आली होती." मग पुढे वाकली. "अन् खाली येवढा पाला? फूल पडाच्या आधी जागा झाडून ठेवतेत, येवढं नाई समजत तुले?"

करिश्मानं पाला काढला, जमीन स्वच्छ केली. पुढे टेंभुर्णीचं झाड, मग चारोळीचं, मग वारूळ. आजी सांगत गेली, नात बसवत गेली. परदेशी मी, इथला झालो.

एके दुपारी आजी म्हणाली, "हळू चालव. थांब."

गाडी मोहाजवळ थांबली. बाकीच्या गाड्या गरजत निघून गेल्या.

"आली मी," सोमारी म्हणाली. "उतरव आता."

माझ्यावर उतरायला जागा नाही. आजीनं झाडाखाली निरखून पाहिलं, मग विचारलं, "याचं फूल खाली पडत नाई ना वं?"

"नाई, आजी."

यंदा चैतात, फुलं पडायच्या दिवसांत, सोमारी गेली.

करिश्मा अजून कधी कधी मला उघडते. तिची गाडी वळणावर थांबते, शेवटचा नंबर लागतो. कॉम्प्युटर आता धापा टाकतो. तो गेला की मीही गेलो. त्याआधी एवढं सांगतो, तुमच्या फाट्यावर झाड उभं असेल, तर घरच्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्याखाली नेऊन बसवा. खरं झाड आहे तोवर.

माझ्या मोहाखालची जागा झाडून ठेवली आहे. तिथे अजून एकही फूल पडलेलं नाही.