स्प्रिंग म्हणजे आखाजी

शिंदखेड्याच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. इंग्रजी मला वाचता येतं, बोलता येत नाही. कुणी समोर उभं राहून प्रश्न विचारला की मराठीसुद्धा नीट येत नाही. हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. निदान मला तसं वाटतं.

आमची ज्योती लग्नानंतर जावयाबरोबर हॉलंडला गेली, त्याला नऊ वर्षं झाली. दोनदा आली, दोन्ही वेळा दिवाळीत. तिच्या आईला, भिकुबाईला, एकदा तिचं घर बघायचं होतं. भांडी कुठे लावते, देव कुठे ठेवलेत, एवढंच. पण तिची छाती आता भरून यायची. माजघरातून अंगणात येईपर्यंत दोनदा भिंतीला हात लावायची.

डिसेंबरात तिला धुळ्याला डॉक्टरांकडे नेलं. बाहेर निघताना मी दबकत परदेशाचं विचारलं. तिथल्या थंडीचं काय, हेही विचारलं.

"थंडीची काळजी करू नका, अंगावर कपडे घालता येतात," डॉक्टर म्हणाले. "मला भीती आहे इथल्या उन्हाळ्याची आणि धुळीची. जायचं असेल तर उन्हाच्या आधी जा. नंतर मी परवानगी देईन असं नाही."

भिकुबाई तेव्हा बाहेर बाकावर बसली होती. तिने हे ऐकलं नाही.

त्या रविवारी ज्योतीचा फोन आला. पडद्यावर तिचा चेहरा मध्येच थिजायचा. "माय, आता इथे फार अंधार असतो. स्प्रिंग लागला ना, की लगेच या. मी रजा टाकते." आणि फोन तुटला.

भिकुबाईने मला विचारलं, "स्प्रिंग म्हंजे कवय?"

तिकडे स्प्रिंग मार्चमध्ये लागतो, हे मला माहीत होतं. कपाटात भूगोलाची दोन पुस्तकं होती, ती उघडायचीही गरज नव्हती. पण मार्च म्हणजे जानेवारीत व्हिसाचा अर्ज. मुंबईची ती काच, काचेमागचा माणूस, त्याचे प्रश्न. मग विमानतळ, तिथेही काच.

"स्प्रिंग म्हणजे वसंत," मी म्हणालो. "चैत्र आणि वैशाख."

"म्हंजे आखाजी ना?"

"हो," मी म्हणालो. "आखाजीच्या सुमारास."

तिचा चेहरा उजळला. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात. नऊ वर्षं तिने शेजारच्या पोरींचे झोके पाहिले होते. "पोरी आखाजीले माहेर येतस," ती म्हणाली, "यंदा माय जाई पोरना घर. बठ्ठी आळी हासी माले."

पुढच्या फोनवर तिने ज्योतीला तेच सांगितलं. "तुन्हा नाना म्हणतस, स्प्रिंग आखाजीलेच लागस."

ज्योती हसली. "नानांच्या पुस्तकात तसंच असेल. बरं, मे महिना पण छान असतो."

मी बाजूला बसून होतो. डॉक्टरांचं बोलणं तेव्हा सांगता आलं असतं. मी चष्मा पुसत राहिलो.

फेब्रुवारीत ज्योतीने लोकरीची टोपी पाठवली. भिकुबाई ती भर दुपारी घालून ओट्यावर बसली. शेजारची भागाबाई म्हणाली, "काय व, ताप उना का?"

"ताप नही, इमान उनं," भिकुबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या. भिकुबाईचं हसू मग खोकल्यात गेलं आणि बराच वेळ थांबलं नाही.

मार्चमध्ये मी मुंबईला तिला घेऊन गेलो. काचेमागची मुलगी मराठी बोलत होती. तिने दोनच प्रश्न विचारले. पाच मिनिटं लागली. परतीच्या गाडीत मी भिकुबाईकडे बघू शकलो नाही. एवढ्याशासाठी मी तीन महिने घालवले होते.

एप्रिलच्या सुरुवातीलाच पारा त्रेचाळीसवर गेला. वावटळी उठायच्या आणि बंद खिडक्यांतूनही धूळ आत यायची. रामनवमीनंतर आठव्या दिवशी, सकाळी चहा होण्याआधी ती गेली. पासपोर्ट ट्रंकेत होते, टोपी त्यांच्यावर घडी करून ठेवलेली.

ज्योती दहाव्याच्या आदल्या दिवशी पोहोचली आणि आखाजीलाही थांबली. आखाजीला आम्ही गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतो आणि तिच्या तोंडावर डांगर ठेवतो, त्या दिवसांत मिळणारं गोड वासाचं फळ. ज्योती घागरीत तांब्याने पाणी ओतत होती. मी भिंतीपाशी बसलो होतो. शेजारच्या अंगणात पोरींनी झोका बांधला होता, त्याच्या कड्यांचा आवाज येत होता.

"नाना, चूक माझी झाली," ती खाली बघत म्हणाली. "मी नुसतं स्प्रिंग म्हणाले. महिना सांगायला हवा होता. तुम्हाला दोघांना कसं कळणार?"

मी डांगर तिच्याकडे सरकवलं.

"आता तुम्ही तरी या. एकटे इथे काय करणार?"

"येईन," मी म्हणालो. तिला बरं वाटावं एवढंच डोक्यात होतं. "पुढच्या स्प्रिंगला येईन."

"पुढची आखाजी कधी आहे?"

"आखाजी कशाला? मार्चमध्येच येतो की."

तांब्यातलं पाणी थांबलं. ज्योतीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग तिने घागर काठोकाठ भरली, डांगर पुसून वर ठेवलं आणि हात जोडले.

त्यानंतर ती चार दिवस होती. जेवायला वाढायची, औषध द्यायची. जाताना पाया पडली. पण मला या म्हणून पुन्हा म्हणाली नाही.