भेगेवरची काच

मित्रांनो, खुशाल हातात घ्या, मी बोटाला लागणार नाही. माझ्या कडा घासून बोथट केल्या आहेत. मी एक जुनी काचेची पट्टी आहे. रुंदीला दोन बोटं, लांबीला वीतभर. खरं म्हणजे आता माझे दोन तुकडे झाले आहेत, पण ते एकाच पुडीत शेजारी शेजारी राहतात, म्हणून मी स्वतःला अजूनही 'मी'च म्हणते.

मला खिडकीत बसायचं होतं. पण काचवाल्याने मोठ्या काचेतून खिडकीच्या मापाचा तुकडा कापून घेतला आणि कडेची मी उरले. उरलेल्या तुकड्यांच्या खोक्यात मी बरेच दिवस पडून होते. एक दिवस एक बाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडची सगळ्यात पातळ काच द्या."

काचवाला हसला. "ताई, लोक जाड मागतात. पातळ घ्याल तर लगेच फुटेल."

"वेळ आली तर फुटायलाच हवी आहे मला," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, जन्माला येऊन कोणी असं ऐकावं का? मला फार वाईट वाटलं. पण त्या बाईंच्या पिशवीत राहिल्यावर माझी समजूत पटत गेली.

त्या इंजिनिअर होत्या. कोणी जुनं घर विकत घेणार असलं की आधी त्यांना बोलावत. त्या घरभर फिरत, हातोडीच्या लाकडी मुठीने फरशी ठोकत, भिंत ठोकत, कान देऊन ऐकत आणि मग घरात काय बरं आहे, काय बिघडलं आहे, ते सगळं लिहून देत. म्हणून त्यांचं नावच पडलं होतं टकटकताई. त्या म्हणत, भेगा दोन जातीच्या असतात. एक, कधीकाळी पडून गप्प झालेली. दुसरी, अजून वाढत असलेली. नुसत्या डोळ्याला दोघी सारख्याच दिसतात. म्हणून भेगेवर आडवी काच ठेवायची आणि तिची दोन्ही टोकं प्लास्टरने भिंतीत पक्की करायची. भिंत केसभर जरी हलली तरी काच फुटते. मी रबराची असते तर ताणली गेले असते आणि कोणाला काही कळलंच नसतं.

माझी पाळी आली ती एका बैठ्या घरात. घर एका निवृत्त पोस्टमनकाकांचं होतं. बायको देवाघरी गेलेली, लेक दूरच्या गावी. ती रोज फोनवर म्हणायची, "बाबा, घर विका आणि माझ्याकडे या." घर घेणारं जोडपं होतं एक नर्सबाई आणि तिचा घड्याळं दुरुस्त करणारा नवरा. नर्सबाईच्या वडिलांचे पाय अधू झाले होते. ते चाकाच्या खुर्चीत बसत. राहायचे मात्र तिसऱ्या मजल्यावर, आणि तिथे लिफ्ट नव्हती. दोन वर्षांत ते चारदा खाली उतरले होते, तेही खुर्चीसकट उचलून, दवाखान्यात जाण्यासाठी. पायरी नसलेलं, रुंद दारांचं असं घर त्यांना दीड वर्ष शोधून पहिल्यांदाच सापडलं होतं.

टकटकताईंनी घर तपासून अकरा पानं लिहून दिली. न्हाणीघराच्या भिंतीला ओल. गच्चीचा उतार उलटा. आणि मागच्या खोलीत, कपाटाच्या मागे, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी उतरलेली भेग.

ती पानं नवरा-बायकोने काकांच्याच घरात बसून वाचली. घड्याळवाल्याने कपाळाला हात लावला. "अगं, घड्याळात एवढे दोष निघाले असते तर मी गिऱ्हाइकाला नवीनच घ्यायला सांगितलं असतं."

"आणि माणसात एवढे निघाले असते तर आम्ही दोन गोळ्या देऊन घरी पाठवलं असतं," नर्सबाई म्हणाली. "अहो, नुसते दोष मोजू नका. जिवावरचं कोणतं, ते विचारा."

टकटकताई म्हणाल्या, "ओल दुरुस्त होते. उतारही करून घेता येतो. भेगेचं मला आज सांगता येणार नाही. तीन महिने थांबा."

काकांचा चेहरा पडला. "चाळीस वर्षं राहतोय मी या घरात. कपाट आमच्या हिनेच तिथे ठेवलं होतं. काही लपवायला नव्हतं ठेवलं."

"काका, लपवलं असं कोण म्हणतंय?" नर्सबाई मऊपणाने म्हणाली. "आम्ही थांबतो. तुम्ही थांबाल का?"

काकांनी मान डोलावली. त्याच दिवशी मला भेगेवर बसवण्यात आलं. माझ्या अंगावर बारीक अक्षरात तारीख लिहिली गेली. आयुष्यात पहिल्यांदा मला जागा मिळाली.

आणि मित्रांनो, माझी जी बडदास्त सुरू झाली, ती काय सांगू! काकांनी मनाशी पक्कं धरलं की काच टिकली तर घर विकलं जाईल, लेकीकडे जाता येईल, आणि त्या खुर्चीतल्या माणसाचीही सोय होईल. मग ते मलाच जपू लागले. सकाळी अंघोळ करून माझ्यासमोर हात जोडायचे, हा त्यांचा नेमच झाला. दार ते दोन्ही हातांनी लोटत. घरात मांजरासारखे चालत. शेजारची पोरं भिंतीवर चेंडू मारायची, त्यांना त्यांनी पेरू देऊन दुसऱ्या गल्लीत पाठवलं. मागच्या न्हाणीघरात पाणी पडलं की भिंत थरथरेल, अशी त्यांना भीती. म्हणून ते अंघोळीला शेजारच्या वहिनींकडे जाऊ लागले.

महिन्याभराने टकटकताई आल्या. मी अखंड होते. काका लहान मुलासारखे पुढे झाले. "बघा! साधा ओरखडा नाही!"

ताईंनी मला पाहिलं. मग न्हाणीघराची कोरडी फरशी पाहिली, कोपऱ्यात उपडी घातलेली बादली पाहिली. "काका, अंघोळ कुठे करता?"

काकांनी सगळं खरं सांगितलं. अगदी पेरूंसकट.

ताईंना हसू आवरेना, पण डोळे पाणावले होते. "अहो काका, परीक्षेच्या दिवशी पोराला घरीच निजवून ठेवलंत आणि म्हणता, बघा एकही चूक नाही! घर रोजच्यासारखं वापरा. धुणं धुवा, दार आपटा, पोरांना चेंडू खेळू द्या. हा महिना धरायचा नाही. आजपासून पुन्हा तीन महिने."

त्यांनी माझ्यावरची तारीख पुसून नवी लिहिली, एक जास्तीची पट्टी खिडकीत ठेवली आणि त्या गेल्या. काका पुन्हा आपल्या न्हाणीघरात अंघोळ करू लागले. दोन बादल्या, वर कपडे धुणं. घर पुन्हा घरासारखं वाजू लागलं. नेम मात्र त्यांनी सोडला नाही. हात जोडून ते आता म्हणत, "जे असेल ते दिसू दे."

पाचव्या आठवड्यात, एका लख्ख सकाळी, काका कपडे पिळत असताना मला पोटात ओढ जाणवली. मी ताणली जाऊ शकत नव्हते. टिक्, एवढाच आवाज झाला.

दुखलं का, असं तुम्ही विचाराल. नाही, दुखलं नाही. पण काका अंग पुसत माझ्यासमोर आले आणि त्यांचे जोडायला उचललेले हात अर्ध्यावरच राहिले, ते मला पाहवलं नाही.

ते खाटेवर बसले. खिडकीत ती दुसरी पट्टी होती. माझ्याच मापाची, माझ्याच काचेची. थोडं प्लास्टर कालवायचं, तारीख लिहायची, की झालं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पत्रांवरचे पत्ते वाचलेल्या माणसाला चार आकडे लिहायला कितीसा वेळ लागणार? त्यांनी ती पट्टी उचललीसुद्धा. उजेडात धरली.

मग त्यांनी ती होती तिथे ठेवली आणि फोन लावला. आधी ताईंना नव्हे, नर्सबाईला.

"बाळ," ते म्हणाले, "काच फुटली गं."

पलीकडून नर्सबाईचा आवाज आला. "काका, तुम्ही चहा घेतलात का?"

"नाही अजून."

"घ्या आधी. मी येते."

दुपारी सगळे जमले. घड्याळवाला म्हणाला, "आता मात्र पुरे. हे घर आपलं नाही." नर्सबाईने त्याचं ऐकून घेतलं आणि ताईंकडे वळली. "ताप आलाय हे कळलं. कशाने आला, ते कळेल का?"

ताईंनी न्हाणीघरात एक बादली पाणी ओतलं आणि मागच्या अंगणात जाऊन, ते कुठे जातं ते पाहत, त्या बराच वेळ उकिडव्या बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिथे खणून घेतलं. दोन हात खाली सांडपाण्याच्या पाइपाचा जोड निखळला होता. वापरलेलं पाणी कित्येक महिने घराच्या पायाखाली मुरत होतं, माती मऊ होत होती आणि घराचा तो कोपरा हळूच खचत होता. काकांनी पाणी बंद ठेवलं तेव्हा घरही गप्प राहिलं होतं.

"अजून एक-दोन वर्षं कोणाला कळलं नसतं, तर भिंतच बसली असती," ताई म्हणाल्या.

काकांनी पाइप नवा बसवून घेतला. पायाखाली पुन्हा पक्की भर घातली. मला अलगद काढून खिडकीतल्या माझ्या बहिणीला भेगेवर बसवलं आणि सगळे पुन्हा तीन महिने थांबले. घड्याळवाला दर रविवारी येऊन डोळ्याला भिंग लावून तिला तपासायचा. ती टिकली.

शेवटच्या तपासणीच्या दिवशी मी ताईंच्या पिशवीत होते. नर्सबाईने वडिलांना आणलं होतं. त्यांची खुर्ची कोणी न उचलता दारातून आत आली, मागच्या खोलीत खिडकीपाशी गेली, आणि त्यांच्या गुडघ्यांवर ऊन पडलं. त्यांनी दोन्ही तळवे उन्हात धरले. मग काकांना म्हणाले, "ती फुटलेली काच बदलून टाकली असतीत तर आम्हाला काही कळणार नव्हतं. कशाला सांगितलंत?"

काका संकोचले. भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "तुमची खाट याच भिंतीला लागणार होती हो."

मित्रांनो, मी अजून ताईंच्या पिशवीत असते. घर घेणारे घाबरले, विकणारे रागावले, की त्या पुडी उघडून मला दाखवतात. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. भेग दिसली तर तिच्यावर रंग फासू नका, आणि भेग आहे म्हणून घराला लगेच पाठही दाखवू नका. ती कशाने पडली, ते आधी विचारा. आणि कोणी घाबरत घाबरत तुमच्याशी खरं बोललं, तर त्याला आधी चहा घेतला का, ते विचारा.