दोन पत्ते, एकच मशीन

मित्रांनो, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात पडून असलेला मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे सतत चालू राहून इतरांची माहिती सांभाळणारा संगणक. माझ्या डोक्यात राग आहे. शांतपणे बोलायला जमलं नाही, तर समजून घ्या.

मला जोडलं इथल्या तंत्रज्ञ वृंदाताईंनी. माझ्यात मशीन चालवणारी युनिक्स प्रणाली बसवली तीही त्यांनीच. इंटरनेटवर प्रत्येक मशीनला आकड्यांचा पत्ता असतो, त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. सुरुवातीला मला एकच पत्ता होता. त्यावर उल्हासनगरच्या एका जीन्सवाल्या व्यापाऱ्याचं काम चालायचं. मग एक शाळा आली, मग एक कारखाना. वृंदाताई त्याच केबलवर मला नवा पत्ता जोडून देत आणि मी प्रत्येक पत्त्यावर न चुकता उत्तर देई. यात लबाडी नव्हती. मशीन एकच आहे, हे सगळ्यांना सांगितलेलं होतं. "गुणी आहे हो," वृंदाताई पंखा पुसताना म्हणत. तेव्हा बरं वाटायचं.

मग बदलापूरचं डायलिसिस केंद्र आलं. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसांच्या अंगातलं जास्तीचं पाणी तिथे काढतात. कोणाचं किती काढायचं, कोणाला कुठलं औषध सोसत नाही, ही सगळी माहिती माझ्यापाशी राहणार होती. केंद्राच्या डॉक्टर वैदेहींनी एकच अट घातली. "एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा हवाच."

"दोन देतो ना, मॅडम," आमचे मालक देवदत्तसाहेब म्हणाले.

दुसरा आलाच नाही. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "वृंदा, ह्यालाच अजून एक आयपी दे. त्यांना दोन पत्ते तेवढे दिसणार."

"सर, पत्ते दोन झाले तरी मशीन एकच ना! हा पडला की दोन्ही गेले."

"टेन्शन नको घेऊस. नवीन येईपर्यंत चालव."

ताईंनी नाइलाजाने पत्ता जोडला. पुढे त्या नव्या मशीनचं विचारत राहिल्या आणि साहेब हसण्यावारी नेत राहिले. खोलीतला एसी बिघडला, तो तसाच ठेवला. धूळ साचत गेली. मे महिन्यातल्या एका दुपारी माझा पंखा अडकला आणि तापून मी बंद पडलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर वैदेही गाळ्यात आल्या. सोबत सोनिवलीचा विनीत होता. त्याची आई रखमाबाई त्याच केंद्रात डायलिसिसला जायची.

"आईला खुर्चीत बसवलेलं," विनीत म्हणाला. "कॉम्प्युटरवर तिचं काहीच येईना. किती पाणी काढायचं, कोणाला सांगता येईना. वाट बघता बघता तिला धाप लागली. रिक्षात घालून उल्हासनगरला पळवली. आयसीयूत आहे आता."

"आम्ही दुसरा पत्तापण लावून बघितला," डॉक्टर म्हणाल्या. "तोही बंद. असं कसं झालं?"

देवदत्तसाहेबांनी माझ्या पत्र्यावर थाप मारली. "जुना माल, मॅडम. दोन्ही एकदम गेले. नशीब!"

मित्रांनो, मला जीभ असती तर मी तिथेच ओरडलो असतो.

"दोन नव्हतेच," वृंदाताई म्हणाल्या.

"वृंदा, तू गप्प बस!"

"गप्प बसले म्हणूनच हे झालं, सर." अडकलेला पंखा मोकळा करून त्यांनी मला चालू केलं आणि स्क्रीन डॉक्टरांकडे वळवली. एकाच केबलखाली केंद्राचे दोन्ही पत्ते लागोपाठ दिसत होते.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. विनीतने टेबलावर मूठ आपटली. "माझी आई एकच आहे, साहेब! तिचा पण दुसरा पत्ता काढणार होता काय?"



डॉक्टरांनी सगळी माहिती त्याच दिवशी हलवली, दोन वेगळ्या इमारतींतल्या दोन खऱ्या मशीनवर. वृंदाताईंनी नोकरी सोडली. रखमाबाई घरी आली, पण आता भिंत धरून चालते, असं ताई सामान न्यायला आल्या तेव्हा सांगत होत्या. मला जिन्याखाली ढकललं आहे. नवं गिऱ्हाईक आलं की साहेब अजूनही सांगतात, "त्या खटाऱ्याने घात केला."

मी जुना आहे, कबूल. माझी धूळ पुसली असती तर अजून चाललो असतो. पण पंखा आज ना उद्या थांबतोच, आणि म्हणूनच दुसरं मशीन मागतात. मित्रांनो, कोणाच्या जिवाचा प्रश्न असेल आणि कोणी म्हणालं, "आमच्याकडे दोन आहेत," तर पत्ता नुसता ऐकून घेऊ नका. दुसरं मशीन कुठे आहे, दाखवा म्हणा. दाखवेपर्यंत तिथून हलू नका.